भुऱ्यासाठी ट्रेनर शोधला तेव्हा: जळगावातल्या आमच्या घराचं प्रकरण

भुऱ्या आमचा लॅब्रॅडॉर. लसीच्या कार्डावर ब्रुनो लिहिलंय, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी भुऱ्या म्हटलं आणि तेच राहिलं. हे सगळं झालं तेव्हा तो सव्वा वर्षाचा, वजन ३२ किलो. मी ५४ किलोची. हे आकडे आधीच सांगून ठेवते कारण सकाळी त्याला फिरवते मी. आणि ट्रेनर ठरवताना नेमकी हीच गोष्ट घरात कोणाच्या डोक्यात आली नाही, खरं सांगायचं तर माझ्या पण नाही.

घर रो हाऊस, पुढे छोटं अंगण आणि लोखंडी गेट. सहा माणसं, सासू-सासरे, आमचे हे, दीर, नऊ वर्षांची मुलगी आणि मी. दोन्ही वेळचं खाणं सासूबाईंच्या हातून, संध्याकाळी मुलगी बॉल खेळते. यांचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, रात्री नऊला येतात आणि दहा मिनिटं त्याच्याशी मस्ती करतात. सासरे म्हणतात मला कुत्रं आवडत नाही, पण पेपर वाचताना पाय त्याच्याच पाठीवर. दीर त्याचे रील काढतात. आणि कुत्र्याबद्दलचे सगळे निर्णय कोण घेतं, तर हे आणि दीर.

फेब्रुवारीत सुरू झालं. दूधवाले काका सकाळी साडेसहाला मोटरसायकलवर येतात, दोन्ही बाजूंना कॅन, गाडी चालूच ठेवून दूध मापतात. भुऱ्या गेटवर उड्या मारून भुंकायला लागला. आधी आम्हाला कौतुक, राखण करतोय म्हणून. मग फिरायला नेलं की कुठलीही मोटरसायकल दिसो, दोरी ताणून झेप. मेहरुण तलावाच्या रस्त्यावर एकदा मी सरळ गुडघ्यावर पडले, ड्रेस फाटला, वरून एक जण गाडी थांबवून म्हणतो ताई झेपत नाही तर पाळता कशाला. त्यात अजून एक, डोक्याला हात लावला की मान झटकायचा. एक दिवस मुलीने गळ्यात हात टाकला तर तिच्यावर गुरगुरला, आणि त्या रात्री घरात बैठक बसली.

दीरांनी मित्रांना विचारून तीन नावं आणली. एक पुण्याच्या बाई, व्हिडिओ कॉलवर शिकवतात. यांनी लगेच बाद केलं, मोबाईलवर कुत्रं काय शिकणार म्हणे. (कुत्रं शिकत नाहीच मोबाईलवर, माणूस शिकतो, पण ते तेव्हा कोणाला सुचलं नाही.) दुसरा गावातलाच पंचविशीतला पोरगा, घरी येतो, एका तासाचे ७०० रुपये. तो खाऊ देऊन शिकवतो एवढं ऐकल्यावर दीर म्हणाले, लाडावून ठेवेल अजून, तोही बाद. तिसरे साहेब शहराबाहेर शेतात केनेल चालवायचे, आधी फोर्समध्ये डॉग हँडलर होतो म्हणायचे, २१ दिवस कुत्रा ठेवून घेणार, २१ हजार, खाणं वेगळं, आणि पूर्ण गॅरंटी. गॅरंटी हा शब्द ऐकला आणि यांचा चेहराच खुलला. दुकानदार माणूस.

ते घरी आले डेमो द्यायला. पाच मिनिटं यांच्याशी बोलले, मी चहा आणला तर माझ्याकडे बघितलं पण नाही. भुऱ्याच्या गळ्यात स्टीलची चोक चेन, ओढली की गळा आवळणारी, घातली, गेटबाहेर नेलं, गाडी आली, हा झेपावला, त्यांनी असा झटका दिला की तो मागे फेकला गेला. असं चार वेळा. पाचव्या गाडीला भुऱ्या खाली बसला. साहेब म्हणाले, बघा झाला सरळ, तुम्ही त्याचे अल्फा, म्हणजे पुढारी, नाही म्हणून तो डोक्यावर बसलाय. घरातले सगळे थक्क, दीरांनी व्हिडिओ काढला.

तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे आणि आता बघवत नाही. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, सारखं ओठ चाटतोय, जांभया देतोय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. तो शिकलेला नव्हता, गोठला होता. आम्ही त्याला शहाणा झाला म्हटलं.

अल्फाचं थोडं सांगते. १९४७ साली प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास लिहिला, तिथून कळपात मारामारी करून वरचढ होणारा पुढारी ही कल्पना पसरली. पण कुठूनकुठून आणून एका कुंपणात कोंडलेली जनावरं भांडणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी पुढे मोकळे लांडगे बघितले आणि १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं की साधारणपणे कळप म्हणजे कुटुंब असतं, पुढारी म्हणजे नुसते आईबाप. आता हे लांडग्यांबद्दल, आमचा तर लॅब्रॅडॉर, त्याला भाकरीच्या टोपल्यापुढे कसलं राज्य नको.

दहा हजार ॲडव्हान्स दिला, पावती नाही, आणि भुऱ्याला त्यांच्या केनेलवर सोडलं. मार्च संपत आलेला, उन्हाचा चटका सुरू झालेला. फोन केला की साहेब म्हणायचे मस्त चाललंय, भेटायला येऊ नका, मालक दिसला की ट्रेनिंग बिघडतं. सासूबाईंना रोज तेच, भुऱ्याले खावाले देतस का नही ते. नवव्या दिवशी रविवार होता, मी यांच्यामागे लागले आणि आम्ही न सांगता गेलो. बाहेरच्या माणसाने पहिले गेटच उघडलं नाही, वीस मिनिटांनी भुऱ्याला बाहेर आणून दिलं. आत जाऊ दिलं नाहीच, पण गेटातून पत्र्याची शेड दिसली, खाली जाळी, दुपारचे दोन वाजलेले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो अंग गार करतो. त्याच्या अंगाचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९ सेल्सियस, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. जळगाव-भुसावळच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. आम्ही त्याला गाडीत घालून घरी आणलं, पैशाचं काय झालं ते लिहीत नाही, समजून घ्या.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस तो एकदम शांत. मोटरसायकल आली तरी हूं नाही की चूं नाही. हे म्हणाले बघ, नऊ दिवसांत एवढा फरक, उगाच आणला. फक्त मी केरसुणी उचलली की तो जागेवर मुतायचा.

एप्रिलच्या मध्यात गॅस सिलेंडर आलं. माणूस आत येऊन वाकला आणि भुऱ्या पायरीवरून उठून गेला आणि त्याच्या पोटरीला दात लावले. ना भुंकला ना गुरगुरला. दोन जागी रक्त. आधी साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुतली, घड्याळ लावून, मग हे त्याला सिव्हिलला घेऊन गेले. भुऱ्याला रेबीजची लस होती तरी त्या माणसाचा कोर्स पूर्ण करायचाच, पहिला डोस तो दिवस शून्य, मग तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस. प्रत्येक वेळी यांनी गाडीवर नेलं आणि बुडालेली मजुरी दिली. त्या दादाने तक्रार केली नाही हा त्याचा मोठेपणा, कारण जनावर सांभाळण्यात हयगय केली तर भारतीय न्याय संहितेत २९१ कलम मालकासाठीच आहे.

असं का झालं ते मला नंतर कळलं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचा इशारा, मला हे नकोय, लांब हो. झटके देऊन तुम्ही तो इशारा बंद करता, भीती तशीच राहते आणि वर दुखल्याची आठवण पण जोडली जाते. गावाकडे म्हणतात भुंकणारं कुत्रं चावत नाही, त्याचा अर्थ असा घ्यायचा की न भुंकणाऱ्याचा भरवसा नाही. आमचं भुंकणारं होतं, आम्हीच पैसे देऊन त्याला मुकं केलं.

त्या आठवड्यात घरात फार वाईट गेलं. यांचे मामा रावेरकडे, केळीचा बाग, म्हणाले इकडे सोडून द्या, शेतात राहील. हे जवळजवळ तयार झालेले. सासूबाई एकच वाक्य बोलल्या, त्याले कथा सोडशी, लेकरू शे आपलं (त्याला कुठे सोडशील, लेकरू आहे आपलं). आणि विषय संपला. मग मी दीरांकडून त्या पंचविशीतल्या पोराचा नंबर घेतला आणि स्वतः फोन केला.

या वेळी मी दोन प्रश्न ठरवून ठेवले होते. कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता. साहेबांना हे कोणी विचारलंच नव्हतं, चेन बघून सुद्धा. पोरगा म्हणाला बरोबर केलं तर खाऊ किंवा खेळ, चुकलं तर मी समजतो की मीच त्याला फार अवघड दिलं, मग अंतर वाढवतो किंवा सोपं करतो, मारत नाही आणि गळ्याला झटका देत नाही. मग त्याने उलट मला विचारलं, डोक्याला हात लावू देत नाही म्हणता, कान दाखवले का डॉक्टरला? मी म्हटलं नाही. तर म्हणे आधी दाखवून या, मग मी येतो, दुखणं असेल तर माझे पैसे घेऊन काही उपयोग नाही.

सातशे रुपयांसाठी फोन उचलणारा माणूस काम पुढे ढकलतोय, हे मला नवीनच होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी कान उलटा केला तर आतून तपकिरी घाण आणि वास. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना हे फार होतं, लॅबला तर नेहमीच, हवा लागत नाही आणि आम्ही कूलरच्या पाण्याच्या टाकीत त्याला डुंबू द्यायचो. कान साफ केला, थेंब दिले दोन आठवडे. किती महिन्यांपासून दुखत असेल देव जाणे. म्हणजे मुलीवर गुरगुरला तो माज नव्हता, दुखऱ्या कानावर तिचा हात पडला होता.

मग पोरगा घरी आला. पहिला तास त्याने भुऱ्याला हात पण लावला नाही, ओट्यावर बसून वहीत लिहीत होता. खायला कोण घालतं, काय घालतं, फिरवतं कोण, रागावतं कोण, झोपतो कुठे. हे उत्तर द्यायला लागले तर तो म्हणाला दादा थांबा, आजींना बोलू द्या. सासूबाई आतून पदर सावरत आल्या आणि अर्धा तास बोलत होत्या, अहिराणीत. पोरगा धुळ्याकडचा, त्याला सगळं समजत होतं. त्याच बोलण्यात निघालं की त्या रोज रात्री शेवभाजीच्या रस्स्यात भाकरी कुस्करून घालतात, कधी भरताचं उरलंसुरलं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, थोडं थोडं रोज गेलं तरी साचत जातं. सासूबाईंना फार लागलं ते. दुसऱ्या दिवसापासून भुऱ्याची भाकरी वेगळी, बिनफोडणीची.

माझ्या मते इथेच दोघांतला फरक होता, आणि तो मऊ-कडक असा नव्हता. फोर्समध्ये शिकलेल्या माणसाला मी कमी लेखत नाही. मेरठला लष्कराच्या जनावरांच्या दलाचं, आरव्हीसीचं, सेंटर आहे, ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफचं, तिथे कुत्रा आणि त्याचा हँडलर महिनोन्‌महिने जोडीने शिकतात, आणि वास काढणारी कुत्री बहुतेक करून बॉलसाठी, खेळासाठीच जीव तोडून काम करतात. पण तिथे एक कुत्रा आणि एक हँडलर. आमच्याकडे एक कुत्रा आणि सहा हँडलर, त्यातल्या एकीला गुडघेदुखी आणि एक नऊ वर्षांची. २१ दिवस शेतात ठेवून भुऱ्या साहेबांचं ऐकायला शिकला असताही एखाद वेळेस. साहेब आमच्याकडे राहायला थोडेच येणार होते.

डिग्रीचं म्हणाल तर आपल्या देशात डॉग ट्रेनर व्हायला सरकारी लायसन लागत नाही, उद्या मी पण बोर्ड लावू शकते. बाहेरची काही सर्टिफिकेटं आहेत, सीपीडीटी-केए म्हणून एक आहे, त्याच्या परीक्षेला बसायलाच ३०० तास शिकवल्याचा अनुभव लागतो. आमच्या पोराकडे ते नव्हतं आणि त्याने आहे म्हणून सांगितलं पण नाही. मारझोडीच्या विरोधात कायदा आहे, १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्यामुळे दाखला किंवा कायदा बघून ट्रेनर निवडता येईल असं काही नाही. आपल्यालाच समोर उभं राहून बघावं लागतं, आणि जो उभं राहू देत नाही त्याच्याकडे जायचंच नाही.

शब्द ठरवायला एक अख्खा दिवस गेला. साहेब सिट, स्टे, कम म्हणायचे. मी इकडे ये म्हणायचे, सासूबाई आठे ये, मुलगी भुऱ्या कमॉन. आणि बस तर आमच्या घरात दिवसभर चालतं, पाहुण्याला बस, ताटात बस, दीरांची रीलं बस. पोराने सांगितलं जो शब्द सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी आहे तोच धरू. म्हणून भुऱ्याला आता बठ (बस) आणि आठे (इकडे) एवढंच कळतं, आणि यांना दुकानातल्या माणसांसमोर आठे आठे ओरडताना लाज वाटते ते वेगळं.

बरोबर केल्याक्षणी एक ठरलेला आवाज द्यायचा आणि मग खाऊ. काही जण क्लिकर वापरतात, चिमटा दाबल्यासारखं छोटं यंत्र, पण सासूबाईंची बोटं आखडतात. त्या म्हणाल्या बैल हाकताना जिभेने टक्क करतो तसं चालंल का? चाललं ना! घरात सगळ्यांत अचूक टायमिंग त्यांचंच, माझं अजून अर्धा सेकंद उशिरा येतं आणि तेवढ्यात भुऱ्या उठलेला असतो. सासूबाई माळकरी, घरात अंडं पण येत नाही, पोराकडे उकडलेलं चिकन असायचं ते बंद करून पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे ठरले. पनीर महाग पडतं म्हणून सासऱ्यांनी कुरकुर केली, मग तेच आणायला लागले.

दूधवाल्याचं गणित त्याने असं उलगडलं की मी थक्कच झाले. काका येतात, भुऱ्या भुंकतो, काका जातात. काका जाणारच असतात पण भुऱ्याला ते कसं माहीत, त्याच्या हिशोबाने रोज सकाळी तो लढाई जिंकतोय आणि फेब्रुवारीपासून जिंकतोय. मग ओरडून काय होणार. काकांना विनंती केली, ते बिचारे तयार झाले, गाडी कोपऱ्यावर बंद करून कॅन हातात घेऊन यायचे. आम्ही भुऱ्याला गेटपासून लांब, घराच्या दारात उभं करायचो, चोक चेन फेकून दिली आणि छातीचा पट्टा घेतला. काका दिसले की टक्क, पनीर. काका वळले की पनीर बंद. तीन आठवड्यांनी काका दिसले की तो भुंकायच्या ऐवजी मागे वळून सासूबाईंच्या मुठीकडे बघायला लागला. मग अंतर कमी, मग गाडी चालू पण लांब, मग चालू आणि जवळ. दोन वेळा आम्ही घाई केली आणि दोन्ही वेळा आठवडाभर मागे गेलो.

हे सगळं मे महिन्यात. पहाटे साडेपाचला निघायचं, सातच्या आत घरी, कारण नंतर डांबर असं तापतं की हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता येत नाही, मग त्याचे पंजे कसे टिकणार. काही दिवस तर पोरगा आला आणि म्हणाला आज घरातच, फरशीवर, नाक वापरायचे खेळ. त्या दिवसाचे पैसे त्याने निम्मेच घेतले.

एकदा मी त्याला विचारलं, हा असा झालाच का? तो म्हणाला कधी आणला होता? ४० दिवसांचा. खरं तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांत बसतच नाही, आम्हाला माहीत नव्हतं. त्यात पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाची भीती म्हणून चार महिने घराबाहेर काढला नाही. तीन ते साधारण चौदा आठवडे हा पिल्लाने जग बघून घ्यायचा काळ, गाड्या, टोप्या, छत्र्या, म्हातारी माणसं. जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन चौकात उभं राहिलो असतो तरी चाललं असतं. काव्यरत्नावली चौकात संध्याकाळी अर्धा तास, फुकट.

एकूण १४ भेटी झाल्या, ९,८०० रुपयांच्या हिशोबात ती निम्मी सूट धरून साडेआठ-नऊ हजार. शेवटच्या तीन भेटी त्याने दोरी हातात घेतलीच नाही, मागे चालायचा आणि माझ्या चुका सांगायचा. गॅरंटी त्याने शेवटपर्यंत दिली नाही. हे दर वेळी विचारायचे, तो दर वेळी तेच सांगायचा, दादा तुम्ही रात्री येऊन मस्तीत हात चावू देता ते बंद करा, मग बघू. यांनी ते सप्टेंबरात बंद केलं.

आता दिवाळी झाली. दूधवाले, पेपरवाला, साध्या मोटरसायकली, काही नाही, बघतो आणि माझ्याकडे वळतो. गॅसवाला दादा आला की भुऱ्या आतल्या खोलीत, दार बंद, ते कायमचं तसंच ठेवायचं ठरलंय. केरसुणी अजून त्याच्यासमोर हळू उचलते मी. बुलेट मात्र जमलेली नाही, तो धडधड आवाज लांबून आला तरी अंग ताठ होतं. पोरगा पुढच्या रविवारी परत येतोय. त्याने सांगितलंय एक बुलेट शोधून ठेवा, तासभर लांबून फिरवायला लागेल. दीरांच्या मित्राची ठरवलीये, पेट्रोलचे पैसे आमचे.